पदवीची वर्षे आणि विद्यार्थ्याचा स्वतःचा प्रश्न

(शिक्षक, शासकीय अधिकारी आणि पंचायत सदस्य यांच्या तालुक्याच्या ठिकाणी भरलेल्या एकत्रित मेळाव्यात एका निवृत्त प्राध्यापकांनी केलेल्या भाषणाचा हा मजकूर.)



'महाविद्यालयीन शिक्षण आणि व्यवसायाची पूर्वतयारी' हा विषय आपण मला दिला आहे. या विषयावर बोलावयास मी कितपत योग्य आहे, याची मला शंका आहे. पस्तीस वर्षे मी एका ग्रामीण महाविद्यालयात भूगोल शिकविला. माझ्या हाताखालून गेलेले विद्यार्थी पुढे कोठे कोठे नोकरीस लागले, याची यादी मी कधी ठेवली नाही. ती ठेवली असती तर आज आपल्यासमोर आकडे मांडता आले असते. मजजवळ आकडे नाहीत. काही माणसांच्या हकिगती आहेत आणि एक जुनी वही आहे. वहीविषयी मी शेवटी बोलेन.

पूर्वी आपल्या गावांत पदवीधर मुलाच्या बापाला लोक विचारीत, "पोराचं कुठं लागलं का?" आता 'करिअर' हा शब्द पारावरही रुळला आहे. शब्द बदलला तरी त्यामागची काळजी तीच आहे, आणि ती खोटी नाही. ज्या घरात दोन एकर कोरडवाहू जमीन आणि तीन शिकणारी मुले आहेत, त्या घराने नोकरीचा विचार करू नये असे सांगणे हा पोट भरलेल्या माणसाचा उपदेश होय. तो मी करणार नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की, ज्याला आपण तयारी म्हणतो तीत एक मोठी उणीव राहून जात आहे. मुलगा तीन वर्षे, पाच वर्षे, कधी दहा वर्षे दुसऱ्यांनी काढलेल्या प्रश्नांची उत्तरे पाठ करतो. या सर्व काळात त्याचा स्वतःचा असा एकही प्रश्न त्याला पडत नाही. ज्याला स्वतःचा प्रश्न पडला नाही, त्याला आपणांस काय जमते, काय जमत नाही, कशासाठी आपण उन्हातान्हात चार कोस चालू, हे कळावयास मार्गच उरत नाही. पदवीची वर्षे ही खरे पाहता त्यासाठी आहेत.

स्पर्धा परीक्षांच्या बाबतीत हे विशेष जाणवते. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०२४ च्या नागरी सेवा परीक्षेसाठी ९,९२,५९९ अर्ज आले. प्रत्यक्ष पूर्वपरीक्षेस ५,८३,२१३ उमेदवार बसले आणि शेवटी १,००९ जणांची शिफारस झाली. म्हणजे परीक्षेस बसलेल्या सुमारे पावणेसहाशे जणांत एक. ही परीक्षा कोणी देऊ नये असे मी म्हणत नाही. राज्यकारभाराला चांगली माणसे हवी आहेत, आणि येथे बसलेल्या अधिकाऱ्यांपैकी अनेकजण त्याच वाटेने आले आहेत. पण उरलेल्या पावणेसहाशेंचे काय, याचा विचार कोणी करावयाचा?

या ठिकाणी मला स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. २००६ साली आमच्या वर्गात एक अत्यंत हुशार मुलगा होता. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराला येण्यासाठी तो नाव नोंदवावयास आला. त्या वेळी मीच त्या योजनेचा कार्यक्रम अधिकारी होतो. मी त्याला म्हणालो, "अरे, तुझ्यासारख्याने खडी फोडण्यात आठवडा घालवू नये. ग्रंथालयात बस." त्याने माझे ऐकले. तो पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाला. वडिलांनी बैलजोडी विकली आणि तो पुण्याला गेला. एका खोलीत पाच खाटा, सकाळी सहापासून अभ्यासिका, दुपारी एकवेळचा डबा, असा त्याचा नऊ वर्षांचा क्रम झाला. दोन वेळा तो मुलाखतीपर्यंत पोचला. २०१७ साली परत आल्यावर तो मला भेटावयास आला. मी निवृत्त झालो होतो. चहा पिता पिता तो म्हणाला, "सर, जगातल्या नद्या, राज्यघटनेची कलमे, कशावरही विचारा, उत्तर येतं. पण आता तू काय करणार, असं आई विचारते, त्याचं येत नाही." मी त्याला काहीही सांगू शकलो नाही. त्याच्या ज्ञानात उणीव नव्हती. आपण कशात रमतो, हे पाहण्याची संधी त्याला ज्या वयात मिळावयास हवी होती, त्या वयात ती मीच काढून घेतली होती. आज तो गावातच ग्रामपंचायतीच्या सेवा केंद्रात दाखले काढून देतो. हा शेवट चांगला की वाईट, हे मी ठरवू शकत नाही. त्यालाही ते ठरविता आलेले नाही.

आता एका थोर विद्यार्थ्याकडे वळतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे बालपण आपल्या सातारा जिल्ह्यात गेले. १९०१ साली वडिलांना भेटण्यासाठी भावंडांबरोबर निघालेला तो लहान मुलगा मसूरच्या स्थानकावर उतरला, आणि जात कळताच त्याला गाडीवान मिळेना व वाटेत कोणी पाणी देईना. ती हकिगत त्यांनी पुढे स्वतः लिहून ठेवली आहे. हा अनुभव एकट्या त्यांचा नव्हता. लक्षावधी मुलांना तो रोज येत होता. परंतु अनुभव येणे आणि त्याचा प्रश्न होणे, यांत फार मोठे अंतर असते.

ते अंतर कोठे आणि कसे कापले गेले, हे पाहण्यासारखे आहे. बडोदा संस्थानची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती घेऊन जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. शिष्यवृत्ती तीन वर्षांची होती आणि परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावी, असा करार होता. म्हणजे करिअर, आजच्या भाषेत बोलावयाचे तर, आधीच ठरलेले होते. अर्थशास्त्र शिकावयाचे, परत यावयाचे आणि दरबारच्या सेवेत रुजू व्हावयाचे. दुसरा एखादा विद्यार्थी असता तर त्याने तेवढेच केले असते, आणि त्याला कोणी नावही ठेवले नसते.

बाबासाहेबांनी काय केले? अर्थशास्त्राचा अभ्यास त्यांनी अतिशय कसून केला. एकोणतीस अभ्यासक्रम त्या एका विषयाचे. १९१५ मध्ये त्यांना एम. ए. पदवी मिळाली. पण त्याखेरीज इतिहासाचे अकरा, समाजशास्त्राचे सहा, तत्त्वज्ञानाचे पाच, मानववंशशास्त्राचे चार आणि राज्यशास्त्राचे तीन अभ्यासक्रम त्यांनी घेतले. यांतील बऱ्याच विषयांचा संस्थानच्या नोकरीशी काडीचाही संबंध नव्हता. सेलिग्मन यांच्यापाशी ते सार्वजनिक वित्तव्यवस्था शिकले, तर जॉन ड्यूई यांच्या वर्गात लोकशाही आणि शिक्षण यांविषयीचे विचार त्यांच्या कानी पडले. शिष्यवृत्तीच्या तुटपुंज्या रकमेतून ते घरी पैसे पाठवीत आणि उरलेल्यात जुनी पुस्तके विकत घेत.

९ मे १९१६ रोजी, म्हणजे वयाच्या पंचविसाव्या वर्षी, गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी एक निबंध वाचला. विषय होता भारतातील जातिसंस्था, तिची यंत्रणा, उत्पत्ती आणि विकास. मसूरच्या स्थानकावरची ती तहान पंधरा वर्षांनी एका शास्त्रीय प्रश्नाच्या रूपाने न्यूयॉर्कच्या वर्गात उभी राहिली. जात म्हणजे काय? ती टिकते कशी? जातीबाहेर विवाह न करण्याच्या रूढीशी तिचे नाते काय? त्या निबंधात तक्रारीचा सूर नाही, मांडणी आहे. माझ्या मते विद्यापीठाने त्यांना दिलेली सर्वांत मोठी गोष्ट पदवी नव्हे. ज्या दुःखाविषयी केवळ संताप येणे शक्य होते, त्याविषयी विचार करण्याची साधने त्यांनी तेथे हस्तगत केली.

पुढचा भाग आपणांस ठाऊक आहे, तरी तो माझ्या मुद्द्यासाठी पुन्हा सांगतो. १९१७ साली करारानुसार ते बडोद्यास रुजू झाले. राहावयास जागा मिळेना. नाव बदलून एका पारशी विश्रामगृहात ते राहिले, तेथूनही त्यांना घालवून देण्यात आले, आणि अवघ्या काही दिवसांत बडोदा सोडावे लागले. ज्या नोकरीसाठी तीन वर्षांची शिष्यवृत्ती मिळाली होती, ती नोकरी अशी संपली. त्यांनी केवळ त्या नोकरीचीच तयारी केली असती, तर त्या दिवशी त्यांच्या हाती काय उरले असते? जे उरले ते पुढे मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयातील प्राध्यापकपदात, लंडनच्या डी. एस्सी. पदवीत, वकिलीत, महाडच्या तळ्यावर आणि संविधान सभेत दिसले. व्यवसाय अनेक झाले. प्रश्न मात्र तोच होता.

येथे कोणी म्हणेल की, एवढ्या मोठ्या माणसाचे उदाहरण सर्वसामान्य मुलाला कसे लागू पडावे? हा आक्षेप मला मान्य नाही. डोंगर मोठा असला तरी पाणी मुरण्याचा नियम डोंगराला आणि टेकडीला एकच असतो.

दुसरे एक उदाहरण थोडक्यात देतो, कारण पालकांना ते दिलासा देणारे आहे. चिंतामणराव देशमुखांचा जन्म १८९६ चा, महाडजवळच्या नाते गावातला. १९१२ मध्ये मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांना मिळाली. केंब्रिजला जाऊन ते शिकले काय, तर वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र. १९१७ मध्ये वनस्पतिशास्त्राचे फ्रँक स्मार्ट पारितोषिक त्यांनी पटकावले. पुढल्याच वर्षी आय. सी. एस. परीक्षेत ते पहिले आले. १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, १९५० ते १९५६ देशाचे अर्थमंत्री, नंतर विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष. मधल्या काळात मेघदूताचा मराठी अनुवादही त्यांनी केला. अकरावीला शाखा चुकली म्हणून आयुष्य चुकले असे मानून रडणाऱ्या मुलांना मी नेहमी विचारीत असे की, वनस्पतिशास्त्राचा कोणता धडा रिझर्व्ह बँकेत उपयोगी पडला असेल? मुले हसत. मला स्वतःला वाटते की, पडला असेल. पान हातात घेऊन ते नीट पाहिल्याशिवाय नाव सांगावयाचे नाही, ही सवय हिशेबाच्या कागदालाही लागू पडते. अर्थात हा माझा तर्क आहे.

आता गरिबीच्या प्रश्नाकडे येतो. ज्याला उद्याच्या जेवणाची भ्रांत आहे त्याने स्वतःचा शोध कधी घ्यावयाचा? या प्रश्नाचे उत्तर आपल्याच मातीतल्या माणसाने दिलेले आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्यास आणली. सर्व जातिधर्मांची मुले एका वसतिगृहात राहत, एका पंक्तीस जेवत, स्वतः धान्य निवडत, शेतात राबत. १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी महाविद्यालय निघाले तेव्हा 'कमवा आणि शिका' ही पद्धत महाविद्यालयीन शिक्षणातही आली. या योजनेकडे आपण बहुधा गरीब मुलांची फी भागविण्याची सोय म्हणून पाहतो. ती तशी आहेच. पण त्या वसतिगृहांत वाढलेल्या माणसांशी बोलून पाहा. भांडाराचा हिशेब ठेवणाऱ्याला आपण चोख आहोत हे तेथे कळले. शंभर मुलांच्या स्वयंपाकाची व्यवस्था पाहणाऱ्याला आपण माणसे सांभाळू शकतो हे कळले. पिकावर पडलेल्या किडीकडे पाहता पाहता एखाद्याला शेतकी शाखेकडे जावेसे वाटले. गरिबी स्वतःच्या शोधाच्या आड आलीच, असे म्हणता येत नाही. कित्येकांना तिने कामाला लावले, आणि कामाने शोध लावला.

विद्यार्थ्यांना समाजाच्या कामात उतरविण्याची देशव्यापी योजना म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांत आणि ४० हजार विद्यार्थ्यांनिशी ती सुरू झाली. स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास काम करावे आणि दोन वर्षांत एक निवासी शिबिर करावे, अशी तिची रचना आहे. ते १२० तास पुष्कळ ठिकाणी कागदावर भरतात, हे येथील प्राध्यापक मित्रांना मी सांगावयास नको. मीही काही वर्षे ते तसे भरले आहेत. परंतु जेव्हा ते खरोखर भरले गेले तेव्हा काय घडले, याच्या दोन हकिगती सांगतो.

१९८२ च्या डिसेंबरात माण तालुक्यातील एका गावी आमचे दहा दिवसांचे शिबिर होते. काम रस्त्याचे होते. खडी आणि मुरूम वेळेवर यावयाचे होते, ते दोन दिवस आलेच नाहीत. साठ मुले रिकामी. रिकामी मुले काय करतात, हे शिक्षकांना माहीत आहे. वेळ जावा एवढ्याच हेतूने मी त्यांना दोर आणि दगड दिले व गावातल्या सर्व विहिरींतील पाण्याची पातळी मोजून आणावयास सांगितले. त्यामागे कोणतीही शैक्षणिक दूरदृष्टी नव्हती, हे प्रामाणिकपणे कबूल करतो. मुलांनी सदतीस विहिरी मोजल्या. संध्याकाळी आकडे मांडले तेव्हा एक मुलगा उठून म्हणाला, "सर, या दोन विहिरींत शंभर पावलांचंही अंतर नाही. एकीत चार परस पाणी आणि दुसरी कोरडी ठाक. असं कसं?"

मला उत्तर आले नाही. दुसऱ्या दिवशी तो विहिरीच्या मालकाकडे गेला. म्हातारा म्हणाला, "मधनं काळ्या फत्तराची भिंत गेलीया. माझ्या बापानं खणताना सुरुंग लावला, तवा दिसली." आपल्या दख्खनच्या खडकात पाणी सर्वत्र सारखे साठत नाही. ते झिजलेल्या थरात, भेगांत, सच्छिद्र पट्ट्यांत साठते, आणि मध्येच उभी घुसलेली कठीण खडकाची भिंत त्याची वाट अडवू शकते. पुस्तकात हे मी दरवर्षी शिकवीत होतो. तो मुलगाही ते लिहून पास झाला होता. पण त्या दिवशी ते त्याचे झाले. त्या मुलाला फौजदार व्हावयाचे होते आणि त्यासाठी तो पहाटे धावत असे. एप्रिल महिन्यात तो स्वतःच्या पैशांनी एस. टी. ने त्या गावी पुन्हा गेला आणि सदतीसही विहिरी पुन्हा मोजून आला. पावसाळ्यानंतर आणखी एकदा. पुढे त्याने एम. ए. आणि बी. एड. केले आणि त्याच परिसरातील एका माध्यमिक शाळेत तो भूगोलाचा शिक्षक झाला. काही लोक म्हणतात, फौजदार व्हावयाचा तो मास्तर झाला. म्हणोत बापडे.

दुसरी हकिगत एका विद्यार्थिनीची. १९९० नंतरच्या साक्षरता मोहिमेच्या काळात आमच्या मुली संध्याकाळी बायकांचे वर्ग घेत. या मुलीला वडिलांनी शिक्षिका करावयाचे ठरविले होते. तीन आठवड्यांनी ती मजकडे आली आणि म्हणाली, "सर, मला शिकवता येत नाही. मी चिडते, आणि बाया गप्प बसतात." मी तिला वर्ग सोडण्याची परवानगी देणार, तोच ती म्हणाली, "पण वर्ग संपल्यावर त्या कागद घेऊन येतात, ते मला आवडतं." कागद म्हणजे काय? कोणाचा सातबाऱ्याचा उतारा, कोणाची शिधापत्रिका, कोणा विधवेचा संजय गांधी निराधार योजनेचा परत आलेला अर्ज. तो का परत आला, हे त्या बाईला कोणी सांगितले नव्हते. मुलीने तो वाचला, संबंधित कार्यालयात चार खेपा घातल्या, वयाच्या आणि उत्पन्नाच्या दाखल्यांपैकी कोणता कागद कमी होता ते शोधले आणि अर्ज पुन्हा लिहिला. अनुदान सुरू होण्यास आठ महिने लागले. 'अर्ज का परत आला?' हा तिचा प्रश्न झाला. शिक्षिकेची नोकरी त्या काळी हमखास मानली जाई, त्यामुळे तिने कायद्याला प्रवेश घेतला तेव्हा वडील वर्षभर तिच्याशी बोलले नाहीत. आज ती तालुक्याच्या न्यायालयात वकिली करते. तिची मिळकत फार मोठी नाही, असे तीच सांगते. कागद घेऊन येणाऱ्या बायांची रांग मात्र हटत नाही.

आपल्याला काय जमत नाही, हे वेळेवर कळणे हादेखील शिक्षणाचाच भाग आहे, हे तिच्यामुळे माझ्या ध्यानात आले. आपल्याकडे त्याला नापास होणे म्हणतात, आणि म्हणून कोणी ते कबूल करीत नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार आता पदवी अभ्यासक्रमातच क्षेत्र प्रकल्प आणि प्रत्यक्ष कामावरील प्रशिक्षण यांना श्रेयांक ठेवण्यात आले आहेत. चाळीस वर्षांपूर्वी आम्ही जे खडी आली नाही म्हणून केले, ते आता नियमाने करावयाचे आहे. ही गोष्ट चांगली आहे. परंतु नियम झाला की प्रमाणपत्र येते, आणि प्रमाणपत्र आले की शिक्का मारून देणारा भेटतो. अधिकारी मित्रांना माझी विनंती आहे की, प्रशिक्षणासाठी आलेल्या मुलाला झेरॉक्स काढावयास आणि चहा सांगावयास लावू नये. त्याला एक खरे काम द्यावे, ज्यात चूक होऊ शकेल आणि झालेली चूक आपण दुरुस्त करू शकाल असे. परत गेलेल्या अर्जांचा एक गठ्ठा काढून द्यावा आणि ते कोणत्या कारणांनी परत गेले याचे टिपण करावयास सांगावे. महिन्याभरात त्या मुलाला शासन कसे चालते हे कळेल, आणि कदाचित आपल्यालाही काही कळेल.

सरपंच आणि सदस्य मंडळींना सांगावयाचे ते असे. आपल्या कार्यालयात नमुना आठची कर आकारणीची नोंदवही आहे. जन्ममृत्यूच्या नोंदी आहेत, पाणीपुरवठ्याचा हिशेब आहे. गावात अंगणवाडी आहे, पाझर तलाव आहे. अनेक ग्रामपंचायतींनी अभ्यासिका बांधल्या, टेबलखुर्च्या आणि दिवे दिले, ही स्तुत्य गोष्ट आहे. त्या अभ्यासिकेत बसणाऱ्या पंधरा-वीस पदवीधरांना ग्रामसभेच्या आधी एकदा बोलवा आणि गावाचा न सुटलेला एक प्रश्न त्यांच्यापुढे ठेवा. गेल्या पाच वर्षांत पाणीपट्टी कोणत्या वस्तीतून थकली आणि का, एवढाच प्रश्न पुरे आहे. त्यांतील चारजण कंटाळतील, दोघे भांडतील. एखादा रात्री जागून नोंदवह्या चाळील. तो कोण, हे आपल्याला आणि त्याला एकाच वेळी कळेल. याने त्याचा अभ्यास बुडेल अशी भीती पालकांना वाटेल. आठवड्याचे चार तास गेल्याने जो अभ्यास बुडतो, तो मुळातच तरंगत नसावा.

शिक्षक बंधूंना मी उपदेश करणार नाही. मी ज्या मुलाला ग्रंथालयात बसविले त्याची हकिगत आपण ऐकली आहे.

आता वहीविषयी. माण तालुक्यातील त्या विहिरींच्या नोंदी आमच्या त्या विद्यार्थ्याने शिक्षक झाल्यावर थांबविल्या नाहीत. दरवर्षी एप्रिलमध्ये आणि पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरात तो आपल्या शाळेची मुले घेऊन जाई आणि सदतीस विहिरींची पातळी मोजून घेई. काही विहिरी बुजल्या, त्यांच्यापुढे तसे लिहिले आहे. काही नव्या खोदल्या गेल्या, त्या खाली जोडल्या आहेत. विंधणविहिरी वाढल्या त्या वर्षांपासून एप्रिलचे आकडे कसे खाली गेले, तेही या पानांवर दिसते. गावाने आपल्या पाण्याचा ताळेबंद स्वतः मांडावा, हा विचार २०२० पासून अटल भूजल योजनेमुळे आपल्या भागात पोचला आहे. त्या ताळेबंदासाठी ज्या जुन्या नोंदी कोणाकडेच नसतात, त्या या वहीत आहेत. तो शिक्षक निवृत्त झाला, आता गुडघ्यांमुळे त्याला चालवत नाही, आणि शेवटच्या दोन वर्षांच्या नोंदी राहून गेल्या आहेत.

त्याच्या संमतीने ही वही मी आज येथे आणली आहे. त्या गावच्या सरपंच बाई समोर बसल्या आहेत आणि तालुक्याच्या महाविद्यालयाचे भूगोलाचे विद्यार्थीही मागच्या रांगेत दिसत आहेत. अध्यक्षांची अनुमती असेल तर मी ही त्या दोघांच्या हाती देतो. दोर शाळेच्या कपाटात आहे, असा त्याचा निरोप आहे. एप्रिल महिना अजून लांब आहे.